एकवीस नावं आणि एक कलम
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या १९९५ च्या दहावीच्या बॅचने शाळेला काय भेट द्यायची, यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन महिने चर्चा चालली होती हे तुम्हाला माहीतच आहे. वॉटर प्युरिफायर, प्रोजेक्टर, बाकं, सगळं सुचवून झालं. शेवटी प्रोजेक्टर तर द्यायचाच, पण त्याबरोबर वरच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात परमवीर चक्र मिळवलेल्या सगळ्या वीरांचा एक फलक लावायचा असं ठरलं. कल्पना आपल्या सैन्यातून निवृत्त झालेल्या मित्राची. माहिती गोळा करायचं काम मात्र माझ्या गळ्यात आलं, कारण "तू डेटावाली आहेस, तुला जमेल." सॉफ्टवेअरमध्ये तेवीस वर्षं काढली की लोक तुम्हाला कुठलीही यादी करायला सांगतात. लग्नाच्या पाहुण्यांचीसुद्धा.

तर मी यादी केली. एकवीस ओळींची. आज मला वीस मिनिटं दिली आहेत, त्यात या यादीविषयी बोलते. आणि शेवटी फलकाबद्दल एक सूचना करणार आहे. ती गुरुजनांनी मान्य करावी अशी विनंती आधीच करून ठेवते.

१९८८ साली दूरदर्शनवर चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका लागायची, आठवतं का? आपण तिसरी-चौथीत होतो. आपल्यापैकी बहुतेकांना सोमनाथ शर्मा, अब्दुल हमीद ही नावं तिथूनच कळली. मग १९९९ मध्ये कारगिल झालं तेव्हा आपण इंजिनिअरिंगला किंवा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. विक्रम बात्रा, मनोजकुमार पांडे ही आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी मुलं. त्यानंतर आजपर्यंत एकही परमवीर चक्र दिलं गेलेलं नाही. म्हणजे आपल्या फलकावरची शेवटची चार नावं आपल्याच तरुणपणातली आहेत.

आधी या पदकाच्या जन्माची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हती.

इंग्रजांच्या काळात सर्वोच्च शौर्यपदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ मध्ये ते सुरू झालं. पण हिंदी सैनिकांना ते मिळू शकत नव्हतं. त्यांच्यासाठी वेगळं पदक होतं, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, १८३७ पासूनचं, ईस्ट इंडिया कंपनीने सुरू केलेलं. एकाच खंदकात, एकाच गोळीला सामोरं जायचं, पण पदक मात्र कातडीचा रंग बघून. १९११ च्या दिल्ली दरबारात हा भेद काढल्याची घोषणा झाली, आणि १९१४ मध्ये खुदादाद खान यांनी बेल्जियमच्या आघाडीवर केलेल्या पराक्रमासाठी एका हिंदी सैनिकाला पहिल्यांदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत आपल्या मराठा पलटणीच्या दोघांना तो मिळाला. १० जुलै १९४४ रोजी रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे सोबती मशीनगनच्या माऱ्यात पडले. हा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा एकटा पुढे धावला. ग्रेनेडने गन बंद पाडली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर नवी मॅगझिन भरायला वेळ नव्हता, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी लढला. मग लपून बसलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनी तो पडला. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीच्या काठी नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन, पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून आणलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते तो घेऊन घरी आले.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. अडीच महिन्यांत काश्मीरमध्ये लढाई सुरू झाली. आता प्रश्न असा, की स्वतंत्र भारताचा सैनिक पराक्रम गाजवतोय, त्याला पदक कुठलं द्यायचं? राणी व्हिक्टोरियाच्या नावाचं तर देता येणार नव्हतं. आणि आपलं स्वतःचं पदक काढायचं म्हटलं, तरी देश तेव्हा तांत्रिकदृष्ट्या डोमिनियन होता, म्हणजे त्यावर इंग्लंडच्या राजाची मोहोर लागली असती. त्यामुळे पदकाची तयारी १९४८ पासून झालेली असूनही, देश प्रजासत्ताक होईपर्यंत थांबायचं ठरलं. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तिन्ही पदकं सुरू झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू झाली असं जाहीर केलं. आमच्या भाषेत याला बॅकडेटेड एन्ट्री म्हणतात. एरवी ऑडिटवाले तिच्यावर बोट ठेवतात, पण इथे तिच्यामुळेच काश्मीरच्या लढाईत पडलेल्यांना न्याय मिळाला.

आणखी एक गंमत नागरिकशास्त्राची. त्याच दिवशी लागू झालेल्या संविधानाच्या अठराव्या कलमाने रावबहादूर, सर वगैरे सगळ्या पदव्या बंद केल्या. पण त्याच कलमात दोन अपवाद ठेवले आहेत. एक लष्करी सन्मानाचा, आणि दुसरा विद्येचा. सैनिक आणि शिकलेला माणूस, एवढ्या दोघांचाच मान शासनाने वेगळा करायला हरकत नाही, असं घटनाकारांनी ठरवलं. आजच्या समारंभात समोर सगळे शिक्षक बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता पदक कसं दिसावं? हे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांनी एका बाईंवर सोपवलं. त्यांचं नाव सावित्रीबाई खानोलकर. नाव ऐकून सावंतवाडीकडच्या वाटतात. पण त्यांचा जन्म १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावी झाला. वडील हंगेरियन, आई रशियन, आणि माहेरचं नाव इव्ह इव्हॉन मादे द मारोस. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर सुट्टीत आल्प्समध्ये गेले असताना दोघांची भेट झाली. तिच्या वडिलांचा विरोध होता. तरी ती भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौला त्यांचं लग्न झालं. त्यानंतर सावित्रीबाई नुसत्या साडी नेसून थांबल्या नाहीत. मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

त्यांनी या पदकासाठी इंद्राचं वज्र निवडलं. वृत्रासुराला मारण्यासाठी शस्त्र हवं होतं, तेव्हा दधीची ऋषींनी जिवंतपणी आपली हाडं दिली आणि त्यातून वज्र झालं, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली आहे. पदकावर मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्याभोवती अशी चार वज्रं आहेत. मागच्या बाजूला हिंदीत आणि इंग्रजीत नाव, मध्ये दोन कमळं. वर साधी जांभळी फीत. काही ठिकाणी वाचायला मिळतं की वज्राच्या दोन्ही बाजूंना शिवरायांची भवानी तलवार आहे. राजपत्रातल्या वर्णनात चार वज्रं आणि राजमुद्रा एवढंच आहे, म्हणून फलकावर आपण तेवढंच लिहिलं आहे. सोनं नाही, चांदी नाही. ब्राँझचा गोल तुकडा, व्यास एक आणि तीन अष्टमांश इंच. मुठीत सहज मावेल एवढा.

योगायोग बघा. सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचं लग्न ज्या घरात झालं, त्याच घरातला तिचा दीर म्हणजे मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीर. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगामला त्यांच्या कंपनीवर सुमारे सातशे हल्लेखोर आले. हॉकी खेळताना मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये होता. त्या स्थितीत ते स्वतः मॅगझिन भरून जवानांना देत होते. त्यांच्या कंपनीने हल्लेखोरांना काही तास अडवून धरलं, म्हणून श्रीनगरचा विमानतळ हातात राहिला. तो गेला असता तर पुढची कुमक उतरली असती कुठे?

आता माझ्या एकवीस ओळींकडे येते. मी त्या निरनिराळ्या प्रकारे लावून पाहिल्या.

काळानुसार लावल्या तर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातले पाच, १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोत गेलेले एक, १९६२ चे तीन, १९६५ चे दोन, १९७१ चे चार, १९८७ चे दोन (एक सियाचिनमध्ये, एक श्रीलंकेत) आणि १९९९ चे चार. दलानुसार लावल्या तर वीस भूदलाचे, एक हवाई दलाचे. ते निर्मलजीत सिंग सेखों, ज्यांनी १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर चालून आलेल्या सहा सेबर विमानांशी एकट्याने झुंज दिली. हुद्द्यानुसार लावल्या तर बारा अधिकारी आणि नऊ जण सुभेदार, हवालदार, नाईक, शिपाई अशा हुद्द्यांचे. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावांमधून पिढ्यान्पिढ्या जे गेले, ते बहुतेक शिपाई म्हणूनच गेले. या पदकात शिपायाला कर्नलपेक्षा खालचा चक्र नाही. दोघांना तोच ब्राँझचा तुकडा.

आणि शेवटचा रकाना, 'मरणोत्तर'. एकवीसपैकी चौदा.

या रकान्यात दोन नोंदी अशा सापडल्या की मी खुर्चीत ताठ बसले. मेजर धनसिंग थापा १९६२ मध्ये लडाखच्या पँगाँग सरोवराकाठी सिरिजापच्या चौकीवर लढले. चौकी पडली, कोणी वाचलं नाही असं समजून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. घरच्यांनी अंत्यविधीही केले. नंतर कळलं की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. १९६३ मध्ये ते परत आले. आणि १९९९ मध्ये टायगर हिलवर लढलेले एकोणीस वर्षांचे योगेंद्रसिंग यादव, अंगात पंधराच्या आसपास गोळ्या. त्यांचंही पदक आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं, कारण त्याच पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता. हे मात्र हॉस्पिटलमध्ये उपचार घेत होते. सगळ्या परमवीरांमध्ये वयाने सर्वांत लहान तेच.

आमच्या कामात 'स्टेटस' नावाचा रकाना असतो, आणि तो चुकीचा भरला गेला तर फोन येतात, तक्रारी येतात. या दोन नोंदी दुरुस्त झाल्या तेव्हा त्या घरांमध्ये काय झालं असेल, याचा विचार मी कितीतरी वेळ करत होते. आणि उरलेल्या चौदा नोंदी कधीच दुरुस्त होणार नाहीत, याचाही.

या यादीत महाराष्ट्राचा धागा कुठे लागतो, हे मुलं नक्की विचारतील. म्हणून ते वेगळं काढून ठेवलं आहे. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मले, पुण्यात शाळा शिकले. १९६५ मध्ये फिलोराच्या रणगाड्यांच्या लढाईत जखमी झाल्यावर मागे जायला नकार देऊन ते १६ सप्टेंबरपर्यंत लढत राहिले. ते पूना हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते. १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली ही रेजिमेंट. १९७१ मध्ये याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन शेवटपर्यंत गोळे डागत राहिले. जन्म पुण्याचा, वय एकवीस. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून घेणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईचे, आणि पलटण महार रेजिमेंटची.

पण मला स्वतःला सगळ्यात जवळचे वाटले ते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. एक तर ते कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचा मुलगा. दुसरं म्हणजे ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे आमच्यासारखे इंजिनिअर. आमच्यासारखे म्हणताना जीभ थोडी अडखळते, पण काम बघा.

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. डोंगरातला नागमोडी रस्ता. शत्रूने सुरुंग पेरलेले, पाइनची झाडं पाडून रस्ता अडवलेला, मोऱ्या उडवलेल्या. राण्यांच्या तुकडीचं काम रस्ता मोकळा करायचं. ८ तारखेला सुरुवात होण्याआधीच तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यात राणे स्वतः. त्यांनी तुकडी पुन्हा जुळवली आणि काम सुरू केलं. रात्री दहापर्यंत. ९ ला सकाळी सहाला पुन्हा सुरू. दुपारी तीनला रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार. अर्धा मैल पुढे गेल्यावर झाडांचा अडथळा, सुरुंग लावून उडवला. तीनशे यार्डांवर दुसरा, तोही उडवला. पुढे मोरी तुटलेली, तिच्या बाजूने वाट काढली. १० ला पहाटे पावणेपाचला पुन्हा सुरू. रणगाडे नदीपात्रातून चिंगसला पोचले, तरी मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी हे रात्री नऊपर्यंत अन्न-विश्रांतीशिवाय रस्ता करत राहिले. ११ ला सकाळी सहा ते रात्री दहा. दुसऱ्या दिवशी आपलं सैन्य राजौरीत पोचलं.

या चार दिवसांत त्यांनी कोणावर गोळी झाडल्याचा उल्लेख त्यांच्या सन्मानपत्रात मुख्य नाही. त्यात वेळा आहेत. ०६००, १५००, १७००, १८१५, ०४४५. वाचताना एखाद्या कामाच्या लॉगबुकसारखं वाटतं. फरक एवढाच, की प्रत्येक नोंदीच्या वेळी वरून मशीनगन चालू आहे. शौर्य म्हणजे एका क्षणात भान हरपून केलेली उडी, अशी माझी समजूत सिनेमांनी करून दिली होती. राण्यांनी चार दिवस रोज सकाळी उठून, जखमी अंगाने, तेच काम पुन्हा सुरू केलं. हे शौर्य आपल्या शाळेतल्या मुलांना जास्त समजेल असं मला वाटतं, कारण रोज उठून तेच काम नीट करणं म्हणजे काय, हे त्यांना शेतात आणि घरात दिसतं. राणे ते पदक छातीवर लावून पुढे वीस वर्षं सैन्यात राहिले, मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. म्हणजे आपण नववी-दहावीत असताना ते पुण्यात होते, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

आता थोडं घरचं.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. जूनमध्ये तिने सांगितलं, "आई, मला एनडीएची परीक्षा द्यायची आहे." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "आणि सीईटीचं काय?" कुठल्याही मराठी आईच्या तोंडून हाच निघाला असता. आपल्या वेळी हा प्रश्नच नव्हता. आपल्या वर्गातल्या दोन मुलांनी एनडीएचा फॉर्म भरला होता. मुलींना तो भरता येत नव्हता. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर दार उघडलं, २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्यात दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या सतरा जणी पासिंग आऊट परेड करून बाहेर पडल्या. ज्या मैदानावर परेड झाली, त्याचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड. तेच, एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल.

मी फलकाची यादी करत होते ती या सगळ्या काळात. दिवसा 'मरणोत्तर, चौदा' असं टाइप करायचं, आणि रात्री शेजारच्या खोलीत मुलगी गणिताचे पेपर सोडवताना बघायची. खोटं कशाला बोलू, फार जड गेलं. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो फलकावर लावताना ऊर भरून येतो. स्वतःची मुलगी त्या वाटेला जाते म्हटलं की ऊर भरून येत नाही, पोटात खड्डा पडतो. या एकवीस जणांच्या आयांनाही पडला असेल. त्यांचं नाव कुठल्याच फलकावर नाही.

एक दिवस मी पदकाचे मूळ नियम वाचायला घेतले, १९५० चे. ते पदक कोणाला मिळू शकतं, याच्या कलमात लिहिलंय की तिन्ही दलांतल्या सर्व हुद्द्यांचे अधिकारी, पुरुष आणि स्त्रिया. पुढे परिचारिका, रुग्णालयातल्या सेविका, आणि सैन्याच्या आदेशाखाली काम करणारे नागरिक, स्त्री असो वा पुरुष. मी ते दोनदा वाचलं. ज्या काळात मुलींना लढाऊ तुकडीत पाय ठेवायची परवानगी नव्हती, तेव्हाच्या कागदात ही ओळ आहे. एनडीएचं दार उघडायला पुढे बहात्तर वर्षं लागली. पण पदकाच्या नियमात बंदी कधीच नव्हती. ज्यांनी ते लिहिलं, त्यांनी धैर्याला लिंग असतं असं मानलं नाही.

आणि ते खरं होतं याचे पुरावे आहेत. परमवीर चक्राला 'शत्रूसमोर' ही अट आहे. रणांगणाबाहेरच्या सर्वोच्च शौर्यासाठी १९५२ पासून अशोक चक्र आहे. ते विमानाचं अपहरण झालं तेव्हा प्रवाशांना वाचवणाऱ्या नीरजा भानोतला मिळालं. संसदेवरच्या हल्ल्यात अतिरेक्यांना पाहून इशारा देणाऱ्या, हातात शस्त्र नसलेल्या शिपाई कमलेश कुमारींना मिळालं. आणि आपल्या जावळीतल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळेंना मिळालं, ज्यांनी नुसत्या लाठीनिशी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली. आपल्याच जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. दोन मुलांची आई. त्यांचं उदाहरण माझ्या मुलीने मला सांगितलं, मी तिला नाही.

मुलीचा फॉर्म आम्ही भरला आहे. निवड होईल की नाही, हे लेखी परीक्षा आणि मुलाखतीचे पाच दिवस ठरवतील. सीईटीची तयारीही चालू आहे, त्याबाबत मी माझा हट्ट सोडलेला नाही. पण "नको" म्हणायचं कारण मला सापडलं नाही. भीती आहे. ती कारण होऊ शकत नाही, एवढं या एकवीस ओळींनी मला शिकवलं.

आता माझी सूचना.

फलकाच्या आराखड्यात सात-सात फोटोंच्या तीन रांगा आहेत आणि खाली उजवीकडे थोडी जागा उरते. ग्रुपवर कोणीतरी सुचवलं की तिथे एक रिकामी चौकट ठेवू, 'पुढचा परमवीर आपल्या शाळेतून' असं लिहून. भावना चांगली आहे, पण माझा त्याला विरोध आहे. बाविसावं नाव यायचं म्हणजे आधी युद्ध यावं लागतं, आणि तीनपैकी दोनदा ते नाव मरणोत्तर असतं. शाळेच्या भिंतीवर आपण कोणाच्या मुलासाठी अशी चौकट तयार ठेवू नये. १९९९ नंतर हे पदक कोणाला द्यावं लागलं नाही, ही मला तरी समाधानाची गोष्ट वाटते.

त्याऐवजी त्या जागेत दोन गोष्टी याव्यात. एक, सावित्रीबाई खानोलकरांचं नाव, कारण फोटोतल्या प्रत्येक छातीसाठीचं चक्र त्यांच्या हातून उतरलं आहे. आणि दुसरी, १९५० च्या नियमातली ती ओळ, सोप्या मराठीत : 'हे पदक सर्व हुद्द्यांच्या पुरुषांना आणि स्त्रियांना मिळू शकतं.' मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाणाऱ्या सातवीतल्या मुलीने एकवीस पुरुषांचे फोटो बघावेत, आणि खाली ती ओळही वाचावी. मग तिने डॉक्टर व्हावं, शेती करावी, आमच्यासारखं कॉम्प्युटरसमोर बसावं, नाहीतर खडकवासल्याला जावं. तिचं तिने ठरवावं.

सर, बाई, तुमची परवानगी असेल तर पुढच्या आठवड्यात फलक छपाईला देते. नावांचं शुद्धलेखन तीनदा तपासलं आहे, तरी मराठीच्या बाईंनी एकदा नजर घालावी. त्यांच्या लाल पेनाशिवाय माझं काहीही आजवर पूर्ण झालेलं नाही.